पेठांमधील खाद्यफेरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पुण्याच्या जुन्या पेठांमधून माहीतगार माणसासोबत पायी हिंडावे, ठरावीक ठिकाणी थांबून थोडे खावे-प्यावे आणि त्या पदार्थांमागची माणसे व जागा समजून घ्याव्यात, अशा फेऱ्यांविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. ‘फूड वॉक’ या नावाने त्या आता सर्वांना परिचित झाल्या आहेत. लेखानंतर आलेल्या पत्रांमधील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दिवाळीनंतर पुण्यात येणार आहोत. अशा फेरीसाठी माणशी जी रक्कम सांगितली जाते, तिच्या मानाने प्रत्यक्ष खाऊ घातलेल्या पदार्थांची किंमत फारच कमी असते. मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या आणि दुकानांची नावे ठाऊक असलेल्या माणसाने मार्गदर्शक का घ्यावा? (एक वाचक, नागपूर)

आपला हिशेब बरोबर आहे. केवळ पदार्थ खायचे असतील तर मार्गदर्शक घेऊ नये, असेच मी सांगेन. मिसळ, बाकरवडी, मस्तानी आणि चहा यांची चव घेण्यासाठी कोणाची मध्यस्थी लागत नाही. मार्गदर्शकाला आपण पैसे देतो ते वेगळ्या गोष्टीसाठी : अमुक पदार्थ याच गल्लीत, याच वेळी, याच माणसांच्या हातून का तयार होतो हे आपल्याला दिसावे, म्हणून. ते दिसणार नसेल तर फेरी महागच पडते.

चहाचे उदाहरण घेऊ. पुण्यात ‘अमृततुल्य’ या पाटीची दुकाने ठिकठिकाणी दिसतात. लक्ष्मी रस्त्यावरील सोन्या मारुती चौकातून किंवा त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून जाताना आपण तेथे उभ्या उभ्या चहा पिऊन पुढे निघून जाल. जाणता मार्गदर्शक मात्र आपल्याला ओट्याच्या बाजूला उभे करील आणि बघायला सांगेल. उंच बैठकीवर बसलेल्या चहावाल्यासमोर पितळी पातेले असते. दूध, पाणी, साखर आणि चहाची पूड त्यात एकत्रच उकळते. आले आणि वेलदोडा त्याच वेळी कुटून पडतो. मोठ्या डावाने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडण्याची क्रिया सतत चालू असते, आणि रंग मनासारखा आला की फडक्यातून गाळून तो लहान कपांत ओतला जातो. या व्यवसायाची घडी बसवली ती राजस्थानातून पुण्यात आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. अनेक दुकानांना देवदेवतांची नावे आहेत, त्यामागे हीच माणसे आहेत. आपण ज्याला अस्सल पुणेरी चहा म्हणतो तो स्थलांतरित कुटुंबांनी या शहराला दिलेला आहे, हे त्या ओट्यापाशी उभे राहून ऐकताना जितके पटते तितके घरी बसून वाचताना पटत नाही.

तेथून कसबा पेठेतील तांबट आळीत नेणारा मार्गदर्शक मिळाला तर आपले पैसे वसूल झाले असे समजा. तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांची ही जुनी वस्ती आहे. हंडे, घागरी, पातेली यांवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज तेथे आजही ऐकू येतो, आणि स्वयंपाकाच्या पितळी भांड्याला आतून कल्हई का लागते, ती नसेल तर आंबट पदार्थ का कळकतो, हे तेथील कारागीर दोन वाक्यांत सांगतात. तांबट आळीत खायला काहीच मिळत नसले, तरी खाद्यफेरीत तिला जागा असली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

हीच गोष्ट मंडईची. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिलेली आणि आता महात्मा फुले यांचे नाव असलेली ती अष्टकोनी दगडी इमारत बहुतेक जण बाहेरूनच पाहतात. सकाळी लवकर आत गेल्यास भाजीच्या गाळ्यांवर उंच बसलेले विक्रेते, त्यांची ठरलेली गिऱ्हाइके आणि पेठेतील खानावळींसाठी होणारी खरेदी दिसते. शेजारीच तुळशीबाग आहे. तेथील राममंदिराचे बांधकाम नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली सुरू केले. मंदिराभोवती बाजार वाढला आणि बाजारासाठी येणाऱ्या बायका-मुलांसाठी मिसळ, आइस्क्रीम आणि थंड पेयांची दुकाने आली. श्रीकृष्ण भुवनची मिसळ आणि कावरे यांचे आइस्क्रीम याच परिसरात का, याचे उत्तर त्या गर्दीतच आहे.

पेठांमधील खानावळींचेही असेच आहे. शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या गरीब मुलांनी पूर्वी माधुकरी मागून किंवा वार लावून दिवस काढले. पुढे शाळा-महाविद्यालये आणि कचेऱ्या वाढल्या, घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची संख्या वाढली, आणि पैसे देऊन पोटभर घरगुती जेवण मिळण्याची सोय गरजेची झाली. १९३२ साली सुरू झालेले बादशाही बोर्डिंग हे त्याच काळाचे अपत्य आहे. ताटातील आमटीभाताकडे या नजरेने पाहायला शिकवणारा माणूस मिळत असेल तर त्याला जरूर पैसे द्यावेत. नोंदणीपूर्वी फोनवर एवढेच विचारावे, की फेरीत किती ठिकाणी खायला मिळेल त्याऐवजी कोणाकोणाशी बोलायला मिळेल. या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला तर आपण दोघांनी स्वतंत्रपणेच हिंडावे.

प्रश्न : माझ्या आई-वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. वडिलांना मधुमेह आहे आणि आईचे गुडघे दुखतात. दोघांचेही बालपण पुण्यात गेल्यामुळे त्यांना अशी फेरी भेट द्यावी असे वाटते. ते झेपेल का? (एक वाचक, ठाणे)

झेपेल, मात्र नेहमीच्या गटासोबत नको. आठ-दहा अनोळखी लोकांच्या वेगाने चालताना आपण मागे पडत आहोत, ही भावनाच वयस्क माणसांना थकवते. तेवढीच रक्कम थोडी वाढवून दोघांपुरती खासगी फेरी ठरवावी आणि अंतर निम्मे करून घ्यावे. भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून मंडई स्थानकावर उतरून थेट पेठांत येता येते, स्थानकात उद्वाहकही आहे. वाहन लावण्याची विवंचना त्यामुळे उरत नाही. अनेक जुन्या उपाहारगृहांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि बाके अरुंद असतात, म्हणून बसण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे हे मार्गदर्शकाला आधी विचारून घ्यावे.

वडिलांच्या बाबतीत एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघायचे आणि पहिला पदार्थ तासाभराने मिळायचा, असे कदापि होऊ देऊ नये. साखर वाढण्याइतकीच ती एकदम उतरण्याचीही भीती असते, म्हणून औषधाच्या आणि खाण्याच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. अमृततुल्य चहात साखर पातेल्यातच उकळलेली असते, बिनसाखरेचा चहा तेथे सहसा मिळत नाही. एक कप दोघांत घ्यावा. मस्तानीही एकच मागवून आईंच्या पेल्यातील दोन चमचे वडिलांनी चाखावेत. ज्यांनी या चवी लहानपणी अनुभवल्या आहेत त्यांना दोन चमचेही पुरतात, आणि अशा फेरीत त्यांना खाण्यापेक्षा सांगायचेच अधिक असते. मार्गदर्शक ऐकून घेणारा असला म्हणजे झाले.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. मुले तेथेच जन्मलेली आहेत. त्यांना पेठांतील खाणे दाखवायचे आहे, परंतु पाणी आणि तिखट या दोन्हींची धास्ती वाटते. काय टाळावे? (एक वाचक)

उकळलेले, तळलेले आणि डोळ्यांसमोर गरमागरम वाढलेले पदार्थ निर्धास्तपणे द्यावेत. कापून उघडी ठेवलेली फळे, बर्फ घातलेली पेये आणि पाण्याच्या चटण्या पहिल्या दोन-तीन दिवसांत टाळाव्यात. पिण्याचे पाणी सोबत बाळगावे. प्रत्येक खाद्यव्यावसायिकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक ठळकपणे लावावा लागतो, तो पाहण्याची सवय मुलांनाही लावावी. तरीही खरी खूण वेगळी आहे : ज्या दुकानात माल साठून राहत नाही, दुपारी बारापर्यंत सकाळचा घाणा संपतो, तेथे पोट बिघडण्याची शक्यता कमी असते.

उसाचा रस प्यायचा असेल तर बर्फाशिवाय मागावा आणि ऊस समोर चरकात घालून घ्यावा. घुंगरांच्या तालावर फिरणारा तो चरक मुलांना फार आवडतो. ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ हे नाव रसवंतीगृहावर इतक्या वेळा का दिसते, असे ती विचारतील. पुरंदर तालुक्यातील बोपगावजवळ कानिफनाथांचे स्थान आहे आणि त्या परिसरातील अनेकांनी हा व्यवसाय गावोगाव नेला, हे त्यांना अवश्य सांगावे.

तिखटाची काळजी पुण्यात फारशी करण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या मिसळीशी तुलना केल्यास पेठांतील मिसळ सौम्य असते, आणि नारायण पेठेतील मुंजोबाच्या बोळातल्या बेडेकरांची मिसळ तर चक्क गोडसर वळणाची आहे. बशी कशी भरली जाते तेही मुलांना पाहू द्यावे. तळाशी पोहे, त्यांवर बटाट्याची भाजी, मग शेव-चिवडा, चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, आणि शेवटी ओगराळ्याने ओतलेला रस्सा. या रश्शाला येथे ‘सँपल’ म्हणतात, तो वेगळ्या वाटीत मागून घेता येतो आणि मुलांना झेपेल तेवढाच घालता येतो. सोबत पावाऐवजी स्लाइस येतात, हेही पुण्याचे वैशिष्ट्य आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने शहरात पाणी आणले गेले आणि ते शनिवारवाड्यासह ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले गेले. फडके हौद, काळा हौद ही चौकांची नावे त्या व्यवस्थेची आहेत. मुलांना पाण्याची बाटली हाती देताना, जेथे आपण उभे आहोत तेथे अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सार्वजनिक पाणी येत होते, एवढे सांगितले तरी त्यांना पेठेची ओळख होऊ लागेल.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात राहते. शनिवार-रविवारी सकाळी फेऱ्यांचे गट आमच्या दिंडी दरवाजात उभे राहून मोठ्याने माहिती सांगतात. माझ्या सासूबाई अंगणात धान्य निवडत असताना त्यांचे न विचारता फोटो काढले गेले. आपल्या सदरात अशा फेऱ्यांचे कौतुक होते, परंतु आम्हा रहिवाशांचे काय? (एक वाचक, पुणे)

आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले आणि आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. वाडा ही राहती जागा आहे. तिचा दरवाजा दिवसभर उघडा असतो तो शेजारधर्मामुळे, पाहुण्यांना प्रदर्शन दाखवण्यासाठी नव्हे. आपल्या सासूबाईंचा फोटो काढणाऱ्याने आधी त्यांच्यापाशी जाऊन, नमस्कार करून, विचारायला हवे होते, आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. यात दुसरे मत असू शकत नाही.

फेऱ्या घेणाऱ्या सर्वांना या सदरातून आग्रहाने सांगावेसे वाटते की पेठांतील बोळांत आठांपेक्षा मोठा गट नेऊ नये. माहिती सांगायची ती चौकात, मंदिराच्या ओट्यापाशी किंवा मंडईच्या मोकळ्या जागेत सांगावी. बोळात शिरल्यावर बोलणे थांबवावे आणि चालत राहावे. ध्वनिवर्धक तर वापरूच नये. वाड्यात न्यायचे असेल तर तेथील कुटुंबाशी आधी बोलणे झालेले असावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला फेरीच्या शुल्कातून दिला जावा.

दुकानदारांच्या बाबतीतही हाच विचार हवा. चार बाकांचे उपाहारगृह असते. दहा जणांचा गट येतो, तीन बश्या मागवतो, अर्धा तास जागा अडवून फोटो काढतो, आणि रोज सकाळी साडेआठला येणारे काका दाराशी ताटकळत उभे राहतात. त्या दुकानाचे पोट रोजच्या गिऱ्हाइकांवर चालते, फेऱ्यांवर नाही. म्हणून गर्दीची वेळ टाळून जाणे, आधी कळवणे, माणशी एक तरी पदार्थ घेणे आणि खाणे झाल्यावर लगेच उठणे, एवढे पाळले गेलेच पाहिजे. अन्न टाकले जाणे ही तर मला सर्वांत क्लेशदायक वाटणारी गोष्ट आहे. सहा ठिकाणी खायचे आहे म्हणून प्रत्येक बशीत अर्धे टाकून उठणारा गट पाहिला की बनवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. थांबे कमी करावेत, बश्या वाटून घ्याव्यात आणि त्या पुसून परत द्याव्यात.

आपण वाड्यातील सर्व बिऱ्हाडांच्या सहीने दिंडी दरवाजावर ‘खासगी निवास, परवानगीशिवाय प्रवेश व छायाचित्रण नको’ अशी स्पष्ट पाटी लावावी असे सुचवतो. ज्या संस्थेचे गट वारंवार येतात तिच्याकडे लेखी तक्रारही करावी. चांगला मार्गदर्शक अशा पत्राची दखल घेतो, कारण पेठेतील माणसे दुरावली तर त्याच्या फेरीत अर्थ उरत नाही हे त्याला कळते.

प्रश्न : आमच्या फेरीत मार्गदर्शकाने सांगितले की मस्तानी हे पेय पेशव्यांच्या मुदपाकखान्यात तयार होत असे आणि साबुदाण्याची खिचडी हा पेशवेकालीन फराळ आहे. हे खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

खरे नाही. आज आपल्यासमोर येते ती मस्तानी म्हणजे दाट थंड दुधात फळाचा रस किंवा सिरप घालून वर आइस्क्रीमचा गोळा सोडलेले पेय. बर्फ आणि आइस्क्रीम पुण्यात सहज मिळू लागल्याशिवाय ते जन्माला येणेच शक्य नव्हते, म्हणजे ते विसाव्या शतकातील आहे. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानीसमोर आंब्याच्या दिवसांत जी रांग लागते, तिला पेशव्यांच्या आधाराची मुळीच गरज नाही.

साबुदाण्याचे तर आणखी स्पष्ट आहे. आपण वापरतो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील, आणि तमिळनाडूतील सेलम भागात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. खिचडीतील बटाटा आणि हिरवी मिरचीही मूळच्या अमेरिका खंडातल्याच. एकादशीला घरोघरी होणारी ही खिचडी इतक्या अलीकडची आहे हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण त्यामुळे तिची चव किंवा उपवासातील तिचे स्थान उणे होत नाही.

मार्गदर्शक अशा कथा सांगतात त्याचे कारण श्रोत्यांना पेशवाई ऐकायला आवडते. वस्तुतः पेठांच्या खाण्याचा बराचसा इतिहास त्यानंतरचा आहे आणि तो तितकाच रोमहर्षक आहे. चितळे बंधूंनी १९५० मध्ये पुण्यात दुकान सुरू केले, त्याआधी भिलवडीला त्यांच्या वडिलांचा दुधाचा व्यवसाय होता. कृष्णाकाठच्या गावातील दूध पुण्याच्या पेठांत कसे पोहोचले, ही गोष्ट एका सकाळला पुरेल एवढी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील घरे-दुकाने पाण्याखाली गेली. त्यानंतर कोणते व्यवसाय पुन्हा उभे राहिले आणि कोणते कायमचे संपले, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. ती ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून घाई केली पाहिजे. ‘असे सांगतात’ आणि ‘असे नोंदलेले आहे’ यांतील फरक जो मार्गदर्शक स्वतःहून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

प्रश्न : मी इतिहासाचा पदवीधर असून पुण्यात अशा फेऱ्या सुरू करण्याचा विचार आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, सातारा)

पहिले काही महिने एकच पेठ घ्यावी आणि ती आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी पायाखाली घालावी. कोणते दुकान केव्हा उघडते, कोणाची कढई कधी चढते, दुपारी कोण झोपते, सोमवारी काय बंद असते हे कागदावर नोंदवल्याशिवाय मार्ग आखू नये. दुकानदारांना पहिल्याच भेटीत व्यवसायाविषयी विचारू नये. गिऱ्हाईक म्हणून जात राहावे, ओळख झाली की माणसे आपण होऊन बोलतात. जे ऐकाल ते आणखी एका माणसाकडून पडताळून घ्यावे, आणि शक्य तेथे जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती, नगरपालिकेची कागदपत्रे व ग्रंथालयांतील स्थानिक इतिहासाची पुस्तके पाहावीत. आपण इतिहासाचे पदवीधर आहात, तेव्हा ही शिस्त आपल्याला अवघड नाही.

व्यवहाराचेही सांगतो. दुकानदाराशी दर आणि वेळ आधी ठरवून पैसे त्याच दिवशी चुकते करावेत, फुकट चवीची अपेक्षा कधीही ठेवू नये. नोंदणी घेतानाच लोकांना ॲलर्जी, उपवास, मधुमेह आणि शाकाहार यांविषयी विचारावे. शेंगदाण्याचे कूट आपल्या पदार्थांत कोठे कोठे असते याची यादी स्वतःजवळ ठेवावी, कारण शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात आणि दुकानदारांना क्षणाची उसंत नसते, तेव्हा त्या काळात फेरी ठेवू नये. सुरुवात करण्यास डिसेंबर-जानेवारी उत्तम, कारण सकाळी चालायला हवा चांगली असते आणि लोकांना भूकही लागते. पहिल्या फेऱ्यांना बाहेरगावच्या पाहुण्यांऐवजी त्याच पेठेतील दोन-तीन ज्येष्ठ रहिवाशांना बोलवावे आणि आपण काय चुकीचे सांगत आहोत ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.